कुठल्या लाइनला?

भाच्याच्या लग्नाचं बोलणं फोनवर चाललं होतं. पलीकडे मुलीचे काका, नागपूरचे. अलीकडे माझे मेहुणे, जन्मापासून डोंबिवलीचे. फोन स्पीकरवर ठेवलेला, आणि ताई, मी आणि ज्याचं लग्न तो, असे आम्ही तिघं श्वास रोखून बसलेलो.

"मुलगा कोणत्या लाइनीत आहे जी?" काकांनी विचारलं.

"सेंट्रलला," मेहुण्यांनी सांगितलं.

पलीकडे समाधान पसरल्याचं आम्हाला अलीकडे ऐकू आलं. "वा वा. सेंट्रल म्हणजे काही पाहायलाच नको. परमनंट असेल?"

"परमनंट म्हणजे काय, जन्मापासून सेंट्रललाच आहे."

"असं? आणि तुम्ही?"

"मीही. माझे वडीलही. आमचं अख्खं घराणंच सेंट्रलला."

काका आता बहुतेक उभे राहून बोलत असावेत. तीन पिढ्या केंद्र सरकारच्या सेवेत म्हणजे काही थट्टा नव्हे.

"पण लग्नानंतर सेंट्रल सोडायचा विचार आहे त्याचा," मेहुणे भोळेपणाने म्हणाले. "फार हाल होतात हो. वेस्टर्नला बघतोय."

"वेस्टर्नला?" वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात असल्यामुळे काकांच्या डोळ्यांपुढे कोळशाची खाण उभी राहिली असणार. "हां, वेस्टर्नबी काही वाईट नाही. पण सेंट्रल ते सेंट्रल."

"तिथेच तर अडलंय. वेस्टर्नला जायचं तर हातात कोटभर रुपये पाहिजेत."

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग काकांनी आवाज खाली आणून विचारलं, "एवढे मागतात?"

"त्याच्याखाली कुणी बोलतच नाही. नाहीच जमलं तर हार्बर आहेच."

"म्हणजे बंदरावर?" काकांचा धीर सुटला. "पोरगा एका जागी टिकून काऊन नाही राहत जी?"

इथे ताईने फोन हिसकावून घेतला आणि मुलगा एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, त्याला पगार नियमित मिळतो, आणि हे सगळं राहत्या घराबद्दल चाललं होतं, असा खुलासा केला. मी तोवर उशीत तोंड खुपसलं होतं.

गंमत अशी की चूक कुणाचीच नव्हती. 'लाइन' हा शब्द दोघांनीही अगदी बरोबर वापरला होता. बाकीच्या महाराष्ट्रात लाइन म्हणजे पोटापाण्याचा उद्योग. अमका मेडिकल लाइनला, तमका किराणा लाइनीत, धाकटा काहीच करत नाही म्हणून त्याची लाइन अजून ठरायची आहे. मुंबईत मात्र लाइन म्हणजे पत्ता. पत्त्यापेक्षाही जास्त, ती जवळजवळ जात आहे. नाव, गाव विचारून झालं की तिसरा प्रश्न, "कुठल्या लाइनला?" सेंट्रलचा माणूस उत्तर देताना जरासा ताठरतो, वेस्टर्नचा जरासा हसतो, आणि हार्बरवाला प्रश्न यायच्या आतच समजावून सांगू लागतो की आता तिकडे खूप सुधारणा झाली आहे. हार्बरला फास्ट लोकल नाही. त्यामुळे त्या लाइनीवरच्या माणसांत एक प्रकारचा वारकरी संयम आढळतो. सगळी स्टेशनं घेत घेत जायचं, वाटेतलं एकही देऊळ चुकवायचं नाही.

हे सगळं सुरू झालं १६ एप्रिल १८५३ या दिवशी. बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत चौतीस किलोमीटर लोखंड अंथरलं गेलं आणि त्यावरून पहिली गाडी धावली. ज्यांनी ते लोखंड अंथरलं त्यांनी त्याला लाइन म्हटलं, म्हणून आपणही म्हटलं. 'लोहमार्ग' हा शब्द फार उत्तम आहे. पण तो बोलायचा म्हणजे आधी गळ्याशी उपरणं पाहिजे. सातच्या लोकलला लोंबकळताना कुणी लोहमार्ग म्हणू शकत नाही. तिथे गर्दीचं माप म्हणून रेल्वेनेच 'सुपर डेन्स क्रश लोड' असा शब्द काढलेला आहे, आणि त्याचा अर्थ एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. जहाजावर किती माल चढवावा यासाठी सॅम्युअल प्लिमसॉल या इंग्रज खासदाराने संसदेत भांडून १८७६ मध्ये कायदा करून घेतला. तेव्हापासून जहाजाच्या पोटावर एक लाइन आखलेली असते, पाणी तिच्यावर आलं की माल चढवणं बंद. तिला प्लिमसॉल लाइन म्हणतात. लोकलच्या डब्यावर अशी लाइन कुठे मारावी यावर मी बराच विचार केला. माझ्या मते ती डब्यावर मारण्यापेक्षा कपाळावर मारलेली बरी.

मुंबईचा आणखी एक छळ म्हणजे मरीन लाइन्स. "मरीन लाइन्स कुठल्या लाइनला?" या प्रश्नाचं खरं उत्तर "वेस्टर्न लाइनला" असं आहे, आणि ते नवख्या माणसाला सांगितलं की तो आपली फिरकी घेतली जातेय असं समजून रागावतो. या लाइनी रुळांच्या नव्हेतच. तिथे पूर्वी मरीन बटालियनच्या शिपायांच्या बराकी ओळीने उभ्या होत्या. पलटणीच्या बराकींना इंग्रज लाइन्स म्हणत. नागपूरच्या सिव्हिल लाइन्सही त्याच वळणाच्या, फक्त तिथे शिपायांऐवजी साहेब राहायचे. आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावात आहे ती पोलीस लाइन. तिथे वाढलेल्या मुलाला लाइनबॉय म्हणतात. हा शब्द अभिमानाने उच्चारला जातो की पश्चात्तापाने, हे त्या मुलाचे वडील शिपाई होते की फौजदार, यावर ठरतं.

भाच्याच्या लग्नाच्या त्या फोननंतर रात्री मी इंग्रजी शब्दकोश काढला. दोन मिनिटांचं काम म्हणून बसलो आणि बारा वाजले. रेष, ओळ, दोरी, रांग, सुरकुती, सरहद्द, कवितेचं चरण, नटाचं वाक्य, घराण्याचा वंश, आगबोटींची कंपनी, लढाईतली फळी, धंदा, मासे धरायच्या गळाची दोरी, विजेची तार, फोनची तार, विषुववृत्त. सगळं लाइन. क्रियापद म्हणून बघावं तर कोटाला अस्तर लावणं हेसुद्धा लाइन. एकाच शब्दाने इतकी घरं धरली, म्हणजे तो राजकारणात असता तर कुठपर्यंत गेला असता.

पण मला खरा धक्का बसला तो व्युत्पत्तीपाशी. या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'लिनम' हा शब्द आहे. लिनम म्हणजे जवस. होय, चटणीचं जवस. त्याच्या देठापासून निघालेल्या धाग्याचं कापड ते लिनन. त्या धाग्याची ताणलेली दोरी ती 'लिनिया', तीच पुढे लाइन. कोटाच्या आत लिननचं कापड लावत, म्हणून ते लायनिंग. जवसाचं बी ते लिनसीड आणि त्याच्या तेलापासून बनवलेली जमिनीवरची बैठक ते लिनोलियम. लाँजरी हा शब्दही याच झाडाचा, पण आमच्या घरी शब्दकोश बैठकीच्या खोलीत असल्यामुळे मी ते पान लवकर उलटलं.

म्हणजे साता समुद्रापलीकडून आलेला हा रुबाबदार पाहुणा आमच्या वऱ्हाडातल्या डब्याचा सख्खा नातलग निघाला. तिखट, मीठ, लसूण घालून आम्ही जे पिढ्यान् पिढ्या कुटत आलो, त्याच्याच धाग्यावर साहेबाने रेल्वे, सरहद्दी आणि कविता उभ्या केल्या. क्रिकेटमध्ये तर हे नातं फारच जवळ येतं. गोलंदाजाची लाइन चुकली म्हणून समालोचक हळहळतो, आणि ज्या बॅटीने तिला सीमेपार धाडलं तिला हंगामाच्या आधी चोळलेलं असतं जवसाचं तेल. दोन्ही बाजूंनी जवसच खेळत असतं. पंच तेवढे परके.

आता कुणी म्हणेल, इंग्रजांचं ठीक आहे, त्यांच्याकडे शब्द कमी असतील, एकाच शब्दाला दहा जागी पाठवत असतील. आपल्याला काय कमी होतं? खरंच काही कमी नव्हतं. माणसं एकामागे एक उभी राहिली तर रांग, एकाशेजारी एक जेवायला बसली तर पंगत, न थांबता येत राहिली तर रीघ. कागदावर काढली तर रेघ, लिहिली तर ओळ, भूमितीच्या तासाला रेषा. शेतात नांगराने ओढली तर तास, पाण्यासाठी पाडली तर सरी. केसांत काढली तर भांग, कपाळावर पडली तर आठी. गवंड्याने भिंतीवरून खाली सोडला तर ओळंबा. प्रत्येक लाइनीला स्वतंत्र अधिकारी, स्वतंत्र टेबल, स्वतंत्र शिक्का. असं भरलेलं कार्यालय होतं.

मग सरकारी कार्यालयात होतं तेच इथे झालं. एकेक जण निवृत्त होत गेला, जागा भरल्या नाहीत, आणि प्रत्येक वेळी फाइलीवर शेरा पडला, 'पुढील आदेश होईपर्यंत अतिरिक्त कार्यभार श्री. लाइन यांच्याकडे'. पुढील आदेश काही झाला नाही. आज रांगेचा कारभार लाइनकडे, धंद्याचा लाइनकडे, फोनचा, विजेचा, लफड्याचाही लाइनकडेच. विजेचं खातं तर तिने विदर्भात पूर्ण ताब्यात घेतलं आहे. आपल्याकडे लाइट जाते. तिकडे लाइन जाते, लाइन येते, लाइन रात्रभर नव्हती म्हणून ओलित राहून जातं. खांबावर चढतो तो लाइनमन. मुंबईत लाइनमन म्हटलं की हा सेंट्रलचा की वेस्टर्नचा असं कुणी विचारेल.

सगळे जुने अधिकारी मात्र गेले नाहीत. लक्ष्मणरेषेला अजून कुणी लक्ष्मणलाइन म्हटलेलं नाही, यावरून रामायणाला थोडं संरक्षण आहे असं दिसतं. दारिद्र्यरेषाही सरकारी कागदांवर टिकून आहे. पण तिच्याखालच्या माणसाला विचारा, तो सांगेल, "मी बीपीएलमध्ये." त्यातल्या शेवटच्या अक्षरात लाइन लपून बसलेली आहे हे त्याला माहीत नसतं. त्याला तिच्याखालून वर यायचंही नसतं, कारण वर आलं की कार्ड जातं.

रांगेची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. इंग्रज माणूस स्वतः रांगेला लाइन म्हणत नाही, तो क्यू म्हणतो. अमेरिकन लाइन म्हणतो. क्यू हा फ्रेंच शब्द आणि त्याचा मूळ अर्थ शेपूट. हे वाचल्यावर मला आपल्या भाषेचा फार अभिमान वाटला, कारण फ्रेंच न शिकता आपण कित्येक वर्षं विचारत आलो आहोत, "शेपूट कुठाय हो रांगेचं?" फरक इतकाच की इंग्रजाच्या क्यूला एकच शेपूट असतं. आपल्या लाइनीला तोंडंच अनेक असतात. युक्लिडच्या भूमितीत रेषेला लांबी असते आणि रुंदी नसते. युक्लिडने रॉकेलची लाइन पाहिली नव्हती. आपल्या लाइनीला लांबीपेक्षा रुंदी जास्त असते, आणि खिडकीजवळ तर ती वर्तुळ होते. एक जण लाइनीत उभा असतो, दुसरा "माझा नंबर धरून ठेवा" सांगून गेलेला असतो, तिसऱ्याची पिशवी उभी असते, चौथ्याची चप्पल. पाचवा लाइनीत नसतोच, तो "फक्त विचारायला" आलेला असतो. त्याचं काम सगळ्यांत आधी होतं.

देवाच्या दारी लाइनीला वेगळीच प्रतिष्ठा आहे. पंढरपुरात तिला बारी म्हणतात आणि आषाढीला ती पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. पायावर डोकं ठेवायचं असेल तर एक बारी, नुसतं मुखदर्शन घ्यायचं असेल तर दुसरी. लालबागलाही तसंच, नवसाची लाइन वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. नवसाच्या लाइनीत रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाला मी एकदा विचारलं, "काय मागितलंस?" तो म्हणाला, "तिथे पोचेपर्यंत विसरलो. मग पाय दुखू नयेत एवढंच मागितलं."

बराच वेळ शब्दकोशात घालवल्यावर माझ्या लक्षात आलं की इंग्रजाने आपल्याला फक्त नाम दिलं. खरी करामत आपल्या क्रियापदांची आहे. लाइन लावली तर रेशनच्या दुकानात, तोडली तर मारामारी. धरली तर उद्योग, सोडली तर बेकारी. माणूस लाइनीवर आला तर सुधारला. लाइन कापली तर बिल थकलं. आणि लाइन मारली तर, कॉलेज.

या शेवटच्या लाइनीबद्दल इंग्रजी शब्दकोश पूर्ण मौन पाळतो. 'लाइन मारणे' हा आपला स्वदेशी माल आहे. त्यातला मारण्याचा भाग नजरेने करायचा असतो आणि त्यात बहुतेक वेळा मारणाराच जखमी होतो. तिने उलट बघितलं तर 'लाइन दिली'. ही देवाणघेवाण ज्या अदृश्य तारेवर चालते तिची देखभाल मित्र करतात. मित्राचं मुख्य काम म्हणजे जिन्याच्या कोपऱ्यावर उभं राहून सांगणं, "लाइन क्लिअर आहे." हा शब्द त्याने थेट स्टेशन मास्तरच्या टेबलावरून उचललेला. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत नाही याची पुढच्या स्टेशनाने खात्री दिली, की इकडच्या यंत्रातून एक गोळा निघायचा. तो चामड्याच्या पिशवीत घालून, वेताच्या कड्याला बांधून ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. तो गोळा हातात नसेल तर गाडी हलायची नाही. आमच्या कॉलेजात असा गोळा नसल्यामुळे दोन गाड्या एकाच मार्गावर समोरासमोर यायच्या आणि अपघात ठरलेला. माझा एकदा झाला. समोरची गाडी व्हॉलीबॉल खेळायची. अधिक तपशील नको.

कॉलेजच्या वयातली दुसरी एक लाइन मात्र पूर्ण सोज्वळ आहे, आणि तिच्यावर कुणी लिहीत नाही. पेपरची लाइन. पहाटे चारला उठून डेपोवर जायचं, पुरवण्या आत सरकवायच्या, गठ्ठा सायकलला लावायचा आणि लाइन टाकायची. आमच्या चाळीतला एक मुलगा सहा वर्षं लाइन टाकून शिकला. कुठल्या दाराला कुठला पेपर, कोण परगावी गेलंय, कुणाच्या घरी दोन भाऊ वेगळे झाले म्हणून आता दोन पेपर लागतात, हे सगळं त्याला अंधारात पाठ होतं. ही लाइन विकतासुद्धा येते. म्हणजे विकायला हातात काही नसतं, दुकान नाही, गाळा नाही, जमीन नाही. नुसती रोज पहाटे चाललेली वाट. पण तिला किंमत येते. दुधाचंही तसंच. मला वाटतं शब्दकोशातल्या सगळ्या अर्थांत जवसाच्या मूळ दोरीशी इमान राखून आहे ती हीच लाइन, दारादारातून ओवत जाणारी.

टेलिफोनच्या लाइनीवर एक आख्खी पिढी म्हातारी झाली. फोनसाठी अर्ज करायचा आणि वाट बघायची. नंबर लागेपर्यंत ज्या मुलीच्या लग्नासाठी फोन हवा होता तिची मुलगी शाळेत जायला लागायची. शिवाय फोन आला म्हणजे लाइन आली असं नव्हे. लाइन डेड असायची, एंगेज असायची, क्रॉस असायची. क्रॉस लाइनवर माझ्या आत्याने एकदा कुठल्यातरी बाईला आंबोळीचं प्रमाण सांगितलं आणि पुढे वर्षभर दोघींनी त्या बिघाडाची तक्रार केली नाही. आणि ट्रंक कॉल! "लाइनवर राहा" असं ऑपरेटर सांगायची आणि आमचे आजोबा खरोखर ताठ उभे राहायचे, अंगठे जुळवून. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात १९६३ मध्ये हॉटलाइन टाकली गेली, तेव्हा तिथेही सुरुवातीला फोन नव्हता, टाइप करून निरोप पाठवणारी टेलिप्रिंटर यंत्रं होती. अणुयुद्ध टाळायचं असेल तर बोलण्यावर भिस्त ठेवू नये हे शहाणपण दोन महासत्तांना सुचलं. ते डोंबिवली आणि नागपूर यांना सुचायला हवं होतं.

आता तार गेली, पण लाइन गेली नाही. उलट तिला 'ऑन' आणि 'ऑफ' अशी दोन बटणं बसली. आई ऑनलाइन आहे म्हणजे जागी आहे. भाचा ऑनलाइन आहे आणि उत्तर देत नाही म्हणजे भांडण आहे. वीज बिल ऑनलाइन भरता येतं, पण ती साइट उघडत नाही, म्हणून आपण ते भरायला लाइनीत जाऊन उभं राहतो. तिथला कारकून सांगतो, "लाइन डाउन आहे." मागच्याला वाटतं लाइन खाली आहे. तो जिना उतरून तळमजल्यावर जाऊन बघून येतो.

राहता राहिली डेडलाइन. दिवाळी अंकांच्या संपादकांना हा शब्द भाद्रपदापासून प्रिय होतो. मी त्याचा इतिहास वाचला आणि तो वाचला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ होता. तटबंदीच्या आत काही फुटांवर एक हलकंसं कुंपण घातलेलं असे. तीच डेडलाइन. कैद्याने ती ओलांडली की पहारेकऱ्याने गोळी घालायची. युद्ध संपल्यावर तळाचा प्रमुख हेन्री वर्झ फासावर गेला. शब्द मागे राहिला आणि वर्तमानपत्रांच्या कचेरीत नोकरीला लागला. हे सगळं मी एका संपादकांना फोनवर सांगितलं, लेख उशिरा का येतोय हे सांगण्याच्या ओघात. ते म्हणाले, "म्हणजे मूळ पद्धत जास्त परिणामकारक होती."

तर भाच्याचं लग्न ठरलं. नागपूरलाच झालं, मे महिन्यात, म्हणजे आम्ही मुंबईकर हॉलमध्ये शिरताना वितळून गेलो होतो. काकांनी आमचं स्वागत अगत्याने केलं आणि मेहुण्यांना मिठी मारून म्हणाले, "या, सेंट्रल!" दोघंही त्या फोनवर पोट धरून हसले. मी काकांना जवसाची सगळी कुळकथा सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "म्हणजे आमची चटणी खाऊन त्याइनं एवढं केलं, न् आम्ही नुसती भाकरच खाल्ली."

पंगत नव्हती, बुफे होता. पाटवडी रस्सा होता, वडाभात होता, आणि लोणच्याशेजारी एका वाडग्यात जवसाची चटणीही होती. टेबलापासून हॉलच्या दारापर्यंत लाइन लागली. यजमान असूनही काका आम्हाला सोबत म्हणून ताट घेऊन आमच्या पुढे उभे राहिले. लाइनीत निम्मे नागपूरचे आणि निम्मे डोंबिवली, ठाणे, बदलापूरचे. सगळं शिस्तीत, मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होतं.

आणि पंखे थांबले. काळोख झाला. काकांचा खणखणीत आवाज हॉलभर घुमला, "लाइन गेली!"

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, कारण दिसत नव्हतं. पण ठाण्याच्या चार नंबर फलाटावर फास्ट लोकल एकवर येणार अशी घोषणा झाल्यावर जो आवाज होतो, तो मला ओळखू आला. लाइन गेली म्हटल्यावर मुंबईचा माणूस थांबत नाही. शेकडो पावलं एका झटक्यात टेबलाच्या दिशेने निघाली. ताटं वाजली, कुणीतरी "आत चला, आत चला" ओरडलं, कुणीतरी सवयीने "पुढे उतरणार का?" असंही विचारलं. माझा एक हात रश्श्यात गेला. तो कुणाच्या ताटातला होता हे अजून कळलेलं नाही.

मग जनरेटर सुरू झाला. टेबलाभोवती सोळा माणसं प्रति चौरस मीटर या हिशेबाने आम्ही सगळे उभे होतो. मेहुण्यांच्या हातात चटणीचा अख्खा वाडगा होता. आणि दूर, हॉलच्या मधोमध, जिथे होते तिथेच, ताठ, हातात रिकामं ताट धरून काका एकटे उभे होते. त्यांच्या पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं.

"आली लाइन," ते समाधानाने म्हणाले.